‘लिहून घेणार’ आधी की ‘लिहून देणार’? : ऑपरेटिंग सिस्टीमसाठी असेंब्लीची लेखनपद्धती आणि साधने निवडताना

कल्याण–नगर महामार्गावर आळेफाटा आणि ओतूर यांच्या दरम्यान आमचे पिंपरी पेंढार हे गाव वसले आहे. नोकरीचा व्याप आटोपून मी येथे कायमचा राहावयास आल्यापासून ओतूर, कुरण आणि बेल्हे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले सायंकाळच्या एसटीतून उतरली की वाकडी वाट करून माझ्या ओसरीवर येतात, आणि त्यांच्या वह्यांतल्या शंका निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांच्या बुडाशी बहुधा एकच घोटाळा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या द्वितीय वर्षातील मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकांत बहुतेकांनी नॅझम वापरून, म्हणजे इंटेलच्या धाटणीने, चौसष्ट बिटांचे कार्यक्रम लिहिलेले असतात. पुढे ऑपरेटिंग सिस्टीमचा अभ्यास सुरू होऊन लिनक्सचा किंवा एमआयटीच्या जुन्या एक्सव्ही६ या शिकाऊ प्रणालीचा कर्नल उघडून पाहिला, की त्याच प्रोसेसरच्या त्याच आज्ञा उलट्या क्रमाने, टक्क्यांच्या आणि डॉलरच्या चिन्हांनी नटलेल्या अशा समोर येतात, आणि ‘काका, आपण शिकलो ते चूक होते काय?’ असा प्रश्न उभा राहतो. चूक काहीच नव्हते; परंतु आपला स्वतःचा छोटा कर्नल लिहावयास घेण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून ठेवणे इष्ट आहे. त्या कशा ठरवाव्यात, एवढ्यापुरताच हा मजकूर.

प्रश्न एक नव्हे, दोन आहेत

लेखनपद्धती, म्हणजे सिंटॅक्स, हा एक प्रश्न. आणि असेंब्लर, म्हणजे ती लिपी वाचून यंत्राचे आकडे काढून देणारे साधन, हा दुसरा. आपण ‘इंटेल चांगले की गॅस?’ असे विचारता तेव्हा या दोहोंची सरमिसळ झालेली असते. कारण गॅस या ग्नू असेंब्लरला एटी अँड टी पद्धती जन्मजात अवगत असली, तरी एका निर्देशाने त्याला इंटेल पद्धतीही वाचावयास लावता येते. माझे मत प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल: साधन निवडताना आपली असेंब्ली कोणाच्या शेजारी नांदावयाची आहे ते पाहा, आणि लेखनपद्धती त्या शेजाराला अनुसरून घ्या. कर्नलचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सी भाषेत असणार आणि असेंब्ली प्रारंभाच्या, संदर्भबदलाच्या व खंडआज्ञांच्या, म्हणजे इंटरप्टच्या, दारापाशीच बसणार, हे उघड असता केवळ डोळ्यांना गोड वाटते म्हणून लिपी निवडणे म्हणजे उंबरठ्याच्या रंगावरून घर विकत घेण्यासारखे आहे.

दोन वहिवाटी

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आपण कधी खरेदीखत पाहिले असेल, तर त्यात ‘लिहून घेणार’ याचे नाव आधी आणि ‘लिहून देणार’ याचे त्यामागून येते, हे ध्यानात असेल. इंटेलची वहिवाट नेमकी हीच: ज्याच्या पदरात किंमत पडावयाची तो आधी, ज्याच्याकडून ती यावयाची तो नंतर. एटी अँड टीची वहिवाट याच्या उलट, देणार आधी आणि घेणार मागून, अशी आहे. आणि ती कोणाच्या लहरीने आलेली नसून बेल प्रयोगशाळेत युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढले त्याच्या असेंब्लीत हाच क्रम असल्यामुळे, पुढे युनिक्सबरोबर तो इंटेलच्या प्रोसेसरवरही आला. पाच हा आकडा ईएएक्स रजिस्टरात ठेवावयाचा असेल तर दोहोंत असे लिहिले जाते:

- इंटेल: मूव्ह ईएएक्स, ५
- एटी अँड टी: मूव्हएल $५, %ईएएक्स

आज्ञेच्या शेवटचा ‘एल’ हा प्रत्यय बत्तीस बिटांचा निदर्शक आहे. त्याचप्रमाणे बी, डब्ल्यू आणि क्यू हे अनुक्रमे आठ, सोळा आणि चौसष्ट बिटांचे. इंटेल पद्धतीत हेच माप स्मृतीच्या पत्त्यापूर्वी ‘डीवर्ड’, ‘क्यूवर्ड’ असे शब्द लिहून सांगितले जाते. रजिस्टरामागे टक्क्याचे आणि स्थिरांकामागे डॉलरचे चिन्ह लावण्याची सक्ती प्रारंभी जाचक वाटते. तथापि तिच्यामुळे चलाचे नाव आणि रजिस्टराचे नाव यांत कधीही गफलत होत नाही, हा लाभ पुढे कळतो. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की तुलना आणि उडी यांची जोडी एटी अँड टीत वाचताना जाणत्याचीही त्रेधा उडते: ‘सीएमपीएल %ईएएक्स, %ईबीएक्स’ यापाठोपाठ ‘जेजी’ आले, तर उडी ईबीएक्स मोठा असताना पडते, लिहिलेल्या क्रमाने ईएएक्स मोठा असताना नव्हे.

गट नंबर आणि गटातले पीक

क्रमाच्या फरकाने माणूस गोंधळतो, पण त्याने फारसे नुकसान होत नाही; डोळा आठ दिवसांत सरावतो. खरे नुकसान होते ते पत्ता आणि त्या पत्त्यावरील ऐवज यांच्या घोटाळ्याने. सातबाऱ्यावरचा गट नंबर सांगणे वेगळे आणि त्या गटात आज कांदा उभा आहे की ऊस हे सांगणे वेगळे. असेंब्लीतही नेमका हाच भेद आहे, आणि दुर्दैवाने प्रत्येक साधनाने तो निराळ्या खुणेने दाखविला आहे. ‘साठा’ नावाचे एक चल आहे असे समजा.

- नॅझम: ‘मूव्ह ईएएक्स, साठा’ म्हणजे पत्ता, ‘मूव्ह ईएएक्स, [साठा]’ म्हणजे ऐवज. चौकटी कंस असला तरच स्मृतीत हात घातला जातो, या नियमाला अपवाद नाही.
- मॅझम, आणि इंटेल पद्धतीत चालविलेला गॅस: ‘मूव्ह ईएएक्स, साठा’ म्हणजे ऐवज, पत्ता हवा असेल तर ‘ऑफसेट साठा’ असे म्हणावे लागते.
- एटी अँड टी पद्धतीतला गॅस: ‘साठा’ म्हणजे ऐवज, ‘$साठा’ म्हणजे पत्ता.

पहिल्या दोहोंत एकच ओळ अक्षरशः जशीच्या तशी लिहिली जाते आणि तिचा अर्थ परस्परविरुद्ध होतो, हे पुन्हा एकदा वाचा. नॅझमची फाइल उचलून गॅसच्या इंटेल पद्धतीत चिकटविणाऱ्यांची फसगत येथेच होते, कारण असेंब्लर कसलीही तक्रार करीत नाही. त्याचप्रमाणे डॉलर विसरून ‘मूव्हएल ५, %ईएएक्स’ लिहिले, तर आकडा पाच न येता स्मृतीतील पाचव्या पत्त्यापासूनचा मजकूर येतो. हेच सामान्य कार्यक्रमात घडले असते तर लिनक्सने तो तेथेच बंद पाडला असता आणि चूक क्षणात सापडली असती. परंतु कर्नलच्या बाल्यावस्थेत खालची स्मृती खुली असते, तो पत्ता निमूटपणे वाचला जातो, हाती केरकचरा येतो आणि दोष तीनशे ओळींनंतर भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. नोकरीत असताना एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, अशा एका गहाळ डॉलरापायी आम्ही दोघांनी आठवडा घालविला होता. तेव्हापासून स्थिरांकाची प्रत्येक ओळ मी बोट ठेवून वाचतो.

साधने कोणती, आणि कोणी कोठे जावे

- गॅस. ग्नूच्या बायनूटिल्स या संचातील असेंब्लर. जीसीसी आपली सी भाषा शेवटी याच्याच हवाली करते, म्हणून जीसीसीने कर्नल बांधणाऱ्यास वेगळे काही बसवावे लागत नाही. याचा खरा फायदा असा की फाइलीच्या नावाचा प्रत्यय थोरला ‘एस’ ठेवला, तर ती आधी सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून जाते. त्यामुळे सीमधील व्याख्यांची फाइल असेंब्लीतही जोडता येते आणि एकच स्थिरांक दोन जागी लिहून पुढे त्यांत तफावत पडण्याचे टळते. धाकट्या ‘एस’ची फाइल या चाळणीतून जात नाही.
- नॅझम. सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांचे, १९९६ पासून उपलब्ध असलेले साधन. कागदपत्रे स्वच्छ, नियम मोजके, आणि ‘बिन’ हे फलरूप निवडल्यास लिंकरशिवाय थेट बाइटांची फाइल हाती येते. सबब बूट सेक्टर लिहिण्यास याच्याइतके सुटसुटीत दुसरे मला आढळले नाही. आणखी एक गुण विशेष सांगण्याजोगा: बाहेरचे नाव ‘एक्स्टर्न’ म्हणून जाहीर केल्याविना नॅझम ते चालवून घेत नाही, तर गॅस अनोळखी नाव बाहेरचेच असणार असे गृहीत धरतो आणि शुद्धलेखनाची चूक लिंकरच्या दारात जाऊन उघडी पडते.
- क्लँगचा अंगभूत असेंब्लर. गॅसचीच भाषा वाचतो. लिनक्सचा कर्नलही आता याने बांधता येतो. क्लँग वापरणाऱ्यांनी वेगळा विचार करू नये.
- फॅझम. टोमाश ग्रिश्तार यांचे, स्वतःमध्येच लिहिलेले साधन. कोलिब्रीओएस ही संपूर्ण प्रणाली त्यात आहे. अवघी प्रणाली असेंब्लीतच लिहिण्याचा ज्यांचा संकल्प असेल त्यांनी अवश्य पाहावे.
- मॅझम आणि टॅझम. पहिले मायक्रोसॉफ्टचे, विंडोजच्या अंगणातले. दुसरे बोरलंडचे, आज केवळ डॉसबॉक्समध्ये जिवंत. नव्या कर्नलसाठी दोन्ही नकोत.
- याझम. २०१४ नंतर याची आवृत्ती निघालेली नाही. जुन्या प्रकल्पात भेटले तर घाबरू नका, नव्यात घेऊ नका. बहुतांशी तो मजकूर नॅझमला वाचता येतो.

आपल्या परिस्थितीनुसार निर्णय

*केवळ ५१२ बाइटांचा बूट सेक्टर लिहून पडद्यावर अक्षर उमटवावयाचे आहे.* नॅझम घ्या. बायॉस ती फाइल सोळा-आधारी ७सी००, म्हणजे दशमानात ३१,७४४, या पत्त्यावर आणून ठेवते आणि शेवटचे दोन बाइट ५५ व एए असल्याखेरीज ती मान्य करीत नाही, एवढे सांभाळले की पुरे.

*जीसीसीने सीमध्ये कर्नल लिहावयाचा आहे आणि बूट करण्याचे काम ग्रबसारख्या तयार बूटलोडरवर सोपवावयाचे आहे.* बहुसंख्य वाचक या वर्गातले. गॅस घ्या, थोरल्या ‘एस’च्या फाइली ठेवा आणि एटी अँड टी पद्धती पत्करा, कारण लिनक्स, फ्रीबीएसडी आणि एक्सव्ही६ ची जुनी एक्स८६ आवृत्ती, म्हणजे ज्यांचे वाचून आपण शिकणार ते सर्व, याच लिपीत आहेत. द्वितीय वर्षातील नॅझमचा हात बसलेला असेल आणि तो सोडवत नसेल, तर स्वतंत्र फाइलींसाठी नॅझमच चालू ठेवण्यासही माझी हरकत नाही: ‘ईएलएफ’ फलरूप घेतले की लिंकरला दोन्ही सारखेच.

*गॅसमध्येच, पण इंटेल पद्धतीत लिहावयाचे आहे.* मुभा आहे, ‘.इंटेल_सिंटॅक्स नोप्रिफिक्स’ हा निर्देश फाइलीच्या शिरोभागी द्यावा. मात्र टक्क्याची चिन्हे गेल्यामुळे चलाला ‘बीएल’ किंवा ‘ऑफसेट’ असे नाव दिले गेले तर ते रजिस्टर अथवा क्रियाचिन्ह समजले जाईल. सी भाषेच्या ओळींत गुंफलेल्या असेंब्लीसाठी सगळ्या प्रकल्पाला इंटेल पद्धती लावून देणे तर मी सर्वथा टाळावे असेच म्हणेन. दुसऱ्याकडून घेतलेल्या एखाद्या हेडर फाइलीत एटी अँड टीतली एक ओळ निघाली, की तेवढ्याने बांधणी अडते.

लिनक्सची अगदी पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हा तिच्या बूट फाइलीला एक असेंब्लर आणि उरलेल्या कर्नलला दुसरा लागत असे, कारण त्या काळी ग्नू असेंब्लरला सोळा बिटांचा कारभार झेपत नव्हता. म्हणजे दोन लिप्या एका घरात नांदू शकतात. फक्त एका फाइलीत एकच, आणि अर्ध्यावर पालट नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या.

जेथे ठेच लागते अशा जागा

1. अर्धविराम. नॅझममध्ये त्यापुढचे सारे टिप्पणी ठरते. एक्स८६ च्या गॅसमध्ये अर्धविराम म्हणजे पुढची आज्ञा. तेथे टिप्पणीसाठी ‘#’ आहे. पण थोरल्या ‘एस’च्या फाइलीत ओळीच्या आरंभी ‘#’ लिहून पुढे ‘इफ’ने सुरू होणारे इंग्रजी वाक्य लिहिले, तर प्रीप्रोसेसर त्याला अट समजतो. सी भाषेतल्या टिप्पण्यांची खूण वापरणे बरे.
2. ‘बिट्स ३२’ लिहिल्याने प्रोसेसर बत्तीस बिटांचा होत नाही. हा निर्देश असेंब्लरला आहे, यंत्राला नाही. प्रोसेसरचा मोड बदलण्याची कारवाई, दूरच्या उडीसह, आपणच करावयाची. निर्देश त्या उडीनंतरच्या पहिल्या आज्ञेच्या आधी आला पाहिजे. गॅसमध्ये हेच काम ‘.कोड१६’ व ‘.कोड३२’ करतात.
3. विभागाची सनद. गॅसमध्ये मल्टिबूटचे, म्हणजे ग्रबला कर्नल ओळखता यावा म्हणून लागणारे, शीर्षक स्वतःच्या नावाच्या विभागात ठेवताना त्यास ‘ए’ हा गुण दिला नाही, तर तो विभाग स्मृतीत चढविण्याजोगा मानला जात नाही. शीर्षक मूळ मल्टिबूटप्रमाणे फाइलीच्या पहिल्या ८,१९२ बाइटांत सापडत नाही आणि ग्रब ‘हा कर्नलच नव्हे’ म्हणून परत पाठवितो.
4. रेड झोन. चौसष्ट बिटांच्या युनिक्स संकेतात स्टॅकच्या टोकाखालील १२८ बाइट कंपायलर निर्धास्तपणे वापरतो. कर्नलमध्ये इंटरप्ट येताच प्रोसेसर त्याच जागेवर लिहितो. जीसीसीला ‘नो-रेड-झोन’चा पर्याय दिल्यावाचून कर्नल बांधू नका.
5. हाक मारण्याचे संकेत. युनिक्स संकेतात पहिली चार मूल्ये आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स यांतून जातात. मायक्रोसॉफ्टच्या संकेतात आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ यांतून, आणि शिवाय ३२ बाइटांची जागा स्टॅकवर मोकळी ठेवावी लागते. यूईएफआय दुसरा संकेत पाळते. विंडोजवर शिकून लिनक्सवर आलेल्यांनी, अथवा उलट, हे विसरू नये.
6. घरचा कंपायलर. आपल्या संगणकावरचा जीसीसी आपल्या संगणकासाठी फल काढतो. कर्नलसाठी ‘आय६८६-ईएलएफ’ अथवा ‘एक्स८६_६४-ईएलएफ’ असा वेगळा क्रॉस कंपायलर एकदा बांधून ठेवावा. दोन तास जातील, पण विंडोजवर नावांपुढे लागणाऱ्या अधोरेषेसारख्या कटकटी मुळातच उद्भवणार नाहीत.

तपासणी कशी करावी

विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांत जीडीटीआर, आयडीटीआर यांच्या किमती छापण्याचा एक पाठ असतो. यूएमआयपी ही सोय असलेल्या नव्या प्रोसेसरवर तो सामान्य कार्यक्रम म्हणून चालविल्यास लिनक्स दिखाऊ किमती पुढे करतो, आणि विद्यार्थी त्याच वहीत उतरवितात. खरा व्यवहार पाहावयाचा तर क्वेमू अथवा बॉक्स यांसारख्या अनुकारकात स्वतःचा कर्नल चालवावा. क्वेमूला इंटरप्टांची नोंद ठेवण्यास आणि पुन्हा सुरू न होण्यास सांगितले, तर यंत्र कोणत्या पत्त्यावर कोसळले ते कळते. बॉक्समध्ये ‘एक्ससीएचजी बीएक्स, बीएक्स’ ही निरुपद्रवी आज्ञा, तशी तजवीज करून ठेवल्यास, थांब्याचे काम करते.

जीडीबी मुळात एटी अँड टीत दाखवितो. ‘सेट डिसअसेंब्ली-फ्लेवर इंटेल’ म्हटले की इंटेलमध्ये, आणि ऑब्जडम्पलाही तशीच इच्छा कळविता येते. म्हणून लिहिताना एक लिपी आणि वाचताना दुसरी, असे निःसंकोच करा. मी तर सांगेन की आपली प्रत्येक फाइल बांधून झाल्यावर ती *दुसऱ्या* लिपीत उलगडून एकदा वाचा: वर सांगितलेला गहाळ डॉलर स्मृतीच्या पत्त्याचे रूप घेऊन डोळ्यांत भरतो.

प्रोसेसर दुसरा असेल तर

हा सारा वाद एक्स८६ पुरता आहे. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्टार्टर बनविण्यासाठी एआरएमचा छोटा मायक्रोकंट्रोलर घेणाऱ्यास दोन लिप्यांची अडचण नाही. कॉर्टेक्स-एम वर्गात तर प्रारंभाचा भागही सीमध्ये लिहिता येतो, कारण स्टॅकचा पहिला पत्ता प्रोसेसर स्वतःच तक्त्यातून उचलतो. रिस्क-फाइव्हवरही लिपी एकच. एमआयटीचा एक्सव्ही६ २०१९ पासून त्याच प्रोसेसरवर गेला आहे. आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ तसेच मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसरही रिस्क-फाइव्हचेच. परीक्षेची सक्ती नसेल आणि कर्नल शिकणे एवढाच हेतू असेल, तर क्वेमूवर रिस्क-फाइव्हपासून प्रारंभ करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आपले हक्क आणि मर्यादा

- गॅसचा परवाना जीपीएल असला तरी त्यातून निघालेल्या फलावर तो लागू होत नाही. आपल्या कर्नलची मालकी आपलीच. नॅझमचा बीएसडी परवाना तर अधिकच मोकळा आहे.
- लिनक्सच्या फाइलीतून *उतरवून घेतलेला* मजकूर मात्र जीपीएलची दुसरी आवृत्ती बरोबर घेऊन येतो, आणि आपला कर्नल वाटावयाचा झाल्यास ती पाळावी लागते. एक्सव्ही६ चा एमआयटी परवाना केवळ मूळ सूचना कायम ठेवा एवढेच सांगतो.
- आपल्याकडे कायदेशीरपणे असलेल्या एखाद्या प्रणालीचे वर्तन पाहणे, तपासणे, त्यातील कल्पना समजून घेणे यास प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१)(एसी) ने, आणि अन्यत्र सहज उपलब्ध नसलेली, परस्परजोडणीसाठी आवश्यक अशी माहिती काढून घेण्यास ५२(१)(एबी) ने मुभा दिली आहे. काढलेला मजकूर आपल्या नावावर खपविण्याची मुभा यांत नाही.

दुसऱ्याची वीस ओळींची संदर्भबदलाची फाइल जरी घेतली, तरी ती कोठून, कोणत्या आवृत्तीतून आणि कोणत्या परवान्याखाली घेतली, हे फाइलीच्या शिरावर त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत तो प्रश्न येतो, आणि त्या वेळी आठवत नाही.